स्वर्गातून आलेला हात

जपानी माहजाँगमध्ये ‘तेन्हो’ नावाचा हात असतो. नावातच स्वर्ग आहे. १३६ सोंगट्यांपैकी पहिल्या १४ डीलरच्या हाती येतात आणि एकही न बदलता डाव लागलेला असतो! शक्यता साधारण ३ लाख ३० हजारांत एक. यात कौशल्याचा संबंध नाही. कालच खेळ शिकलेला आणि चाळीस वर्षं मुरलेला, दोघं सारखेच.

पण लोकांच्या नजरेत ते सारखे नव्हते. सोंगट्या हातानं पिसून त्यांची भिंत रचत, तेव्हा तरबेज माणूस हव्या त्या सोंगट्या हव्या तिथे लावू शके, फासेही हवे तसे टाकू शके. युद्धोत्तर तोक्योतल्या असल्याच जुगाऱ्यांवर असादा तेत्सुयानं १९६९पासून ‘माजान होरोकी’ लिहिली. अशा टेबलावर उस्तादाला तेन्हो लागला की संशय, नवख्याला लागला की नशीब. मला वाटतं, ‘नवख्याचं नशीब’ या समजुतीत एवढं तरी खरं आहे: लबाडी त्याला येतच नसे.

१९७०च्या दशकात सोंगट्या पिसणारी स्वयंचलित टेबलं आली. मी प्रोग्रामर, त्यामुळे मला या यंत्राचं कौतुक जरा जास्तच. त्यानं शक्यता बदलली नाही. उस्तादालाही नुसतं नशीबवान असण्याची सोय करून दिली.