१४ एप्रिल, कापसाच्या गाठी आणि वेल्डिंगची ठिणगी

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह असतो. जळगाव-धुळ्यातही बंब बाहेर काढतात, पोरांना पाण्याची नळी धरायला देतात, फोटो येतात. पण तारीख १४ एप्रिलच का, हे किती जणांना माहीत आहे?

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. दुपारी गाठींनी पेट घेतला. गाठीची आग काय असते, हे खान्देशातल्या जिनिंगवाल्याला सांगायला नको. वरून कितीही पाणी मारा, आत धुमसतच राहते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचेच ६६ जवान गेले. आग बहुधा सिगारेटची होती, वेल्डिंगची नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं.

वेल्डिंगवाली गोष्ट दोन वर्षं आधीची. ९ फेब्रुवारी १९४२, न्यूयॉर्क. ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचं सैन्यासाठी रूपांतर चालू होतं. दालनातले लोखंडी खांब गॅसकटरने कापत होते आणि शेजारी लाइफ जॅकेटचा ढीग. जॅकेटांत कपोक, म्हणजे आपल्या सावरीसारखाच कापूस! ठिणगी उडाली. जहाजाची स्वतःची आगीची यंत्रणा कामासाठी बंद ठेवलेली. मग बाहेरून इतकं पाणी ओतलं की रात्रीतून जहाजच आडवं झालं.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ३७ आलं. ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ होता, तो आणि त्याची वाफ काढल्याशिवाय तिला वेल्डिंग किंवा कटिंग करायचं नाही. तरी १३ फेब्रुवारी २०१८ ला कोचीच्या गोदीत ‘सागर भूषण’ जहाजावर, दुरुस्ती चालू असताना, स्फोटात ५ कामगार गेले. कटिंगचा गॅस बंदिस्त जागेत साचला होता.

हे सगळं समुद्रावरचं, आपल्याला काय, असं वाटेल. पण हायवेच्या गॅरेजात टँकरला टाके मारतातच ना? “रिकामाच आहे, मार रे” असं म्हणतात. अहो, डिझेल-पेट्रोलने भरलेल्यापेक्षा रिकामा जास्त धोक्याचा, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. जहाजावर म्हणूनच टाकी धुतात, हवा खेळवतात, यंत्राने गॅस मोजतात, मग लेखी परवाना. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला काय ठेवलंय तेही बघतात, कारण उष्णता पत्र्यातून आरपार जाते.

आणि काम संपल्यावरही एक माणूस निदान अर्धा तास, पाण्याची नळी नाहीतर अग्निशामक सिलिंडर घेऊन, नुसता बसून राहतो. जिनच्या दुरुस्तीत नेमका हाच माणूस नसतो. बसून राहणाऱ्याला हजेरी कोण देणार?