धूळपाटी ते टीव्ही : शाळेतलं नवं साधन चालतं कुणामुळे?



आजचं बोलणं आहे शाळेतल्या साधनांविषयी, आणि ती साधनं हाती धरणाऱ्या आपल्या बाई-गुरुजींविषयी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मोठा टीव्ही आला किंवा टॅब आले, की गावात दोन तऱ्हांनी बोललं जातं. कुणी म्हणतं, आता आपली शाळा शहरासारखी झाली. कुणी म्हणतं, कशाला हवीत ही यंत्रं, आमच्या वेळची पाटी-पेन्सिलच बरी होती. पण पाटीसुद्धा एके काळी नवीच होती. फळा नवा होता, छापलेलं पुस्तक नवं होतं. प्रत्येक वेळी शिकवणाऱ्याला ते साधन आधी स्वतः शिकून घ्यावं लागलं. कधी जमलं, कधी फसलं. ते का जमलं आणि का फसलं, हे आज आपण पाहू. कारण यात आपल्या लेकींचं शिकणं अडकलेलं आहे, आणि बऱ्याचदा आपली वर्गणीसुद्धा.

सुरुवात करू पंतोजींच्या शाळेपासून. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या ओसरीवर ही शाळा भरायची. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटानं अक्षर काढायचं. चुकलं तर हात फिरवला की पाटी कोरी. धुळाक्षरं गिरवणं हा शब्द त्यातूनच आला. हात बसला की मग बोरू आणि शाई. पाढे मात्र सगळे तोंडी. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी सगळी मुलं एका सुरात म्हणायची. या शाळेत मुली जवळपास नसायच्याच, आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना तर उंबरा ओलांडायचीही सोय नव्हती. साधन स्वस्त होतं, पण ते सगळ्यांच्या हाती नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती पुन्हा येणार आहे.

या धुळीच्या पाटीची एक गंमत आहे. सन १७९० नंतरच्या काळात मद्रासला अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री अनाथ मुलांची शाळा चालवत होते. तिकडच्या एका गावठी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना त्यांनी पाहिली. कागद नको, शाई नको, खर्च नाही. त्यांनी आपल्या शाळेतल्या मास्तरांना सांगितलं, आपणही असंच शिकवू. मास्तरांनी ते काही मनावर घेतलं नाही. शेवटी बेल यांनी आठ वर्षांच्या एका मुलाच्या हाती तो वर्ग दिला. त्या पोरानं इतर मुलांना वाळूत अक्षरं शिकवली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची ही पद्धत बेल यांनी १७९७ साली पुस्तकातून इंग्लंडात मांडली आणि तिकडं ती खूप पसरली. म्हणजे आपल्या मातीतलं साधन सातासमुद्रापार गेलं. आणि मास्तरांना नवं साधन नको असतं ही तक्रारही आजची नाही, सव्वादोनशे वर्षांची जुनी आहे.

पण मास्तरांवर खापर फोडून गोष्ट संपत नाही. वरून हुकूम आला की साधन वापरलं जातं असं नाही. शिकवणाऱ्याला ते आपलं वाटावं लागतं. हे कसं घडतं, ते आपल्या दोन बायांनी दाखवून दिलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. त्या काळी लहान मुलांना शिकवायची सगळ्यात नवी पद्धत म्हणजे इटलीच्या मारिया माँटेसरी यांची. तिच्यासाठी खास बनवलेली साधनं लागायची. लाकडी मनोरे, दट्ट्या, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरं. पद्धत उत्तम, पण साधनं महाग. शहरातल्या सुखवस्तू घरांच्या बालमंदिरात ती परवडायची. खेड्यात कोण घेणार? १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं आणि अनुताई तिथं त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पुसलं गेलं. पण त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या.

या दोघींनी परदेशी पद्धत टाकून दिली नाही आणि जशीच्या तशी उचललीही नाही. मनोऱ्यामागचा विचार काय, तर मुलानं लहान-मोठं ओळखावं. मग ते शंख-शिंपल्यांनी ओळखता येईल, बियांनी येईल, मातीच्या बोळक्यांनी येईल. रंग ओळखायला पानं-फुलं आहेत, मोजायला चिंचोके आहेत. साधन बदललं, विचार ठेवला.

पुढं त्या बोर्डीजवळच कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जायची. तेव्हा बाई फळा घेऊन कुरणात गेल्या. त्या शाळेला नाव पडलं कुरणशाळा. लहान मुलं पाड्यावरून येईनात, तर पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरवला. त्याची झाली अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी कागदांवर आहे तो असा इथल्या अंगणातून निघालेला आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो सगळीकडं गेला. मैत्रिणींनो, आपल्या गटात अंगणवाडी सेविका असतील तर त्यांनी हे अभिमानानं ऐकावं.

त्याच १९७५ साली देशात आणखी एक मोठा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एक उपग्रह भारतानं वर्षभरासाठी उसना घेतला. विक्रम साराभाई यांची ही कल्पना होती, ती प्रत्यक्षात यायच्या आधीच ते वारले. या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट टीव्ही दिसू लागला. आपलं राज्य त्या सहांत नव्हतं. शेजारचं कर्नाटक, आंध्र आणि मध्य प्रदेश होतं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी छत्री उभारायची आणि शाळेत नाहीतर पंचायतीच्या जागेत टीव्ही लावायचा. सकाळी साडेबावीस मिनिटं शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी.

मुलं भान विसरून बघायची. पण बाई-गुरुजींची पंचाईत व्हायची. टीव्ही कुणासाठी थांबत नाही. मुलानं मध्येच प्रश्न विचारला तर? कार्यक्रम तिसरीच्या मुलांना समजेल असा, आणि समोर पहिलीपासून पाचवीपर्यंतची सगळी मुलं बसलेली. पडद्यावरची भाषा पुस्तकी, पोरांची बोली वेगळी. तेव्हा जे शिक्षक आधी दोन गोष्टी सांगून ठेवायचे आणि नंतर मुलांना बोलतं करायचे, त्यांच्याच वर्गात ती साडेबावीस मिनिटं कामी यायची.

या प्रयोगातली एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची होती. मुलांबरोबर शिक्षकांनाही शिकवायचं ठरलं. विज्ञान कसं शिकवावं यासाठी बारा दिवसांची शिबिरं झाली. त्यांत टीव्ही होता, रेडिओ होता, छापील पुस्तिका होती, आणि समोर माणूस होता, जो शंकांना उत्तर देई आणि प्रयोग हातानं करून घेई. दोन फेऱ्यांत ५० हजारांच्या जवळपास प्राथमिक शिक्षक त्यात शिकले. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि उसना उपग्रह परत गेला. छत्र्या उतरल्या. पण शिक्षकांनी डोक्यात आणि हातात घेतलेलं कुणी परत नेऊ शकलं नाही.

आपल्या राज्यात पुढं १९८४ साली पुण्याला बालचित्रवाणी ही संस्था निघाली. शाळेच्या मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम बनवून दूरदर्शनवर दाखवायचं तिचं काम. आज चाळिशी ओलांडलेल्या अनेक जणींनी तिचे कार्यक्रम पाहिलेले असतील. २०१७ साली ती बंद झाली.

आता खडू-फळा मोहिमेचं बघा. १९८६ च्या शिक्षण धोरणानंतर पुढच्याच वर्षी ती सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि त्यांतली शक्यतो एक बाई असावी, आणि फळा, नकाशे, विज्ञानाची पेटी, खेळणी मिळावीत असं ठरलं. एक बाई असावी, ही अट आपल्यासाठी मोठी होती. गुरुजी एकटेच असले की वयात येणाऱ्या मुलीला शाळेतून काढणारी घरं होती. बाई आल्या की आयाही शाळेच्या दारापर्यंत येऊ लागल्या.

साहित्याचं मात्र कितीतरी ठिकाणी असं झालं की पेट्या आल्या, रजिस्टरात नोंद झाली आणि कपाटाला कुलूप लागलं. का? भिंग फुटलं, नकाशा फाटला तर पगारातून वसुली होईल ही धास्ती. शिवाय ते वापरायचं कसं, हे बऱ्याच जणांना कुणी दाखवलंच नव्हतं. ज्या वस्तूला पोरांचा हात लागू द्यायची भीती वाटते, ती वस्तू शिकवण्याची राहत नाही, राखणीची होते. आपल्या गावातला टीव्ही आज पिशवीत गुंडाळून ठेवलेला असेल, तर त्याचं मूळ इथं आहे.

मग आला मोबाईलचा जमाना. २०१५ च्या आसपास आपल्याकडं डिजिटल शाळांची लाट आली. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची छोटीशी शाळा अशीच गाजली आणि दुसऱ्या शाळांचे शिक्षक ती पाहायला जाऊ लागले. गावोगावी लोकवर्गणी निघाली. कुठं ग्रामस्थांनी, कुठं बचत गटांनी पैसे घातले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातच क्यूआर कोड छापले. क्यूआर कोड म्हणजे तो ठिपक्यांचा चौकोनी शिक्का, दुकानात पैसे देताना आपण मोबाईल धरतो तोच. त्यावर मोबाईल धरला की पाठाची चित्रफीत उघडते, कविता ऐकू येते. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे शिक्के आले. २०२० साली या गुरुजींना दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं, आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

त्याच वर्षी कोरोना आला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर गेला. तेव्हा पंतोजींच्या शाळेतली जुनी गोष्ट पुन्हा समोर आली : साधन कुणाच्या हाती? घरात एक मोबाईल, तो घेऊन बाप कामावर. संध्याकाळी तो घरी आला की आधी भावाचा नंबर. मुलगी तेव्हा चुलीपुढं नाहीतर धुण्याला. रिचार्ज संपला तर तोही तिच्याच वेळेचा. किती पोरी त्या दीड वर्षात शाळेतून गळाल्या आणि मांडवात उभ्या राहिल्या, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

पण शिक्षकांची हुशारीही तेव्हाच दिसली. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. येता-जाता मुलांनी वाचावेत म्हणून. मोखाडा-जव्हारकडं पाड्यांवर मोबाईलला रेंज नव्हती, तिथं लाऊडस्पीकरवरून धडे वाजले. त्या उपक्रमाचं नाव होतं बोलकी शाळा. नागपूर आकाशवाणीवरून शाळेबाहेरची शाळा हा कार्यक्रम लागायचा. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली असायचं. भिंत, भोंगा, रेडिओ ही सगळी जुनीच साधनं. पण कोणतं साधन कुठल्या पाड्यावर पोचेल हे तिथल्या शिक्षकालाच ठाऊक होतं.

मैत्रिणींनो, एवढ्या सगळ्यातून आम्हाला दिसतं ते असं. शिंपल्या वेचणाऱ्या अनुताई असोत की भिंत रंगवणारे गुरुजी, साधन तिथंच कामी आलं जिथं शिक्षकाला ते आपल्या पोरांप्रमाणे बदलायची मोकळीक होती, मोडलं तर शिक्षेची भीती नव्हती, आणि पाठीशी गाव होतं.

हे तिसरं काम आपलं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या तरी बाया. बऱ्याच गावांत आपल्या बाया फक्त सहीपुरत्या बोलावल्या जातात. पुढच्या सभेला जाऊन बसा आणि विचारा. शाळेचं वीजबिल कोण भरतं, ते थकलंय का? बिल थकून वीज तुटली म्हणून टीव्ही काळा पडलेल्या शाळा राज्यात थोड्याथोडक्या नाहीत. टीव्ही, टॅब बिघडले तर दुरुस्ती कुठून होणार, आणि पोराच्या हातून काही फुटलं तर ते बाईंच्या माथी मारणार का? समितीनं एकदा ठराव केला की वापरताना झालेल्या मोडतोडीत आम्ही शिक्षकांच्या बाजूनं उभ्या राहू, तर कपाटाचं कुलूप निघायला वेळ लागणार नाही. बाईंना नवीन साधनाचं प्रशिक्षण मिळालं का, की सगळा भार दोन वर्ग सांभाळत एकटीनंच ओढायचा? आणि टॅब वर्गात निघतो तेव्हा तो कुणाच्या हातात असतो, पुढच्या रांगेतल्या मुलांच्या की मागं बसलेल्या मुलींच्याही?

घरातही तेवढंच बघा. मोबाईलवर अभ्यास असेल तर लेकीचा वेळ ठरवून द्या, आणि त्या वेळेला तिला पाण्याला पाठवू नका.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हे बोलणं एकदा मोठ्यानं वाचा. तुमच्या शाळेतलं कोणतं साधन रोज चालतं आणि कोणतं कपाटात आहे, ते पाहून या, आणि केंद्रावर येऊन सांगा. शाळेच्या बाईंनाही बरोबर घेऊन या. त्यांचं ऐकायला आम्हाला आवडेल.