हजेरीपट आणि यंत्रांची नावे



आपल्या वर्गात एकाच नावाचे दोघे होते. हजेरी घेताना सर ‘अनगरचा’, ‘पेनूरचा’ असे म्हणत आणि घोटाळा मिटे. संगणकांनाही हीच अडचण आली होती.

यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. अमेरिकेच्या आर्पानेट जाळ्यात कोणत्या नावाचा कोणता आकडा, याची एकच यादी कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांचे कार्यालय सांभाळत असे. यंत्रे वाढली, तशी ती यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तोड काढली: नावाला जणू गावाची जोड द्यायची आणि ज्या गावाची यादी त्यानेच ठेवायची. हीच डीएनएस. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट सुरू झाले. १९८९ मध्ये भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ आले, त्याची नोंदवही मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती.

याच काळात सन कंपनीने एनएफएस आणले. दुसऱ्या युनिक्स यंत्रावरची फाइल आपल्याच यंत्रात असल्यासारखी उघडू लागली. मात्र कोणाला दार उघडायचे, हे सर्व्हर बहुधा नावावरून ठरवी.

नव्वदच्या दशकात पुण्यात नोकरीला असताना मी यातच फसलो. जुन्या यंत्राच्या जागी नवे आले. आकडा तोच, नाव नवे. परवानगीच्या यादीत मी नवे नाव घातले, तरी सर्व्हर दार उघडेना. सकाळी काम द्यायचे होते. आकड्याने हाक मारली की उत्तर येई, म्हणजे तार ठीक होती. केबल, कार्ड तपासण्यात रात्र गेली. पहाटे सर्व्हरवरची नावांची यादी उघडली. त्या आकड्यासमोर अजून जुनेच नाव होते. ओळ बदलायला मीच विसरलो होतो. ती बदलताच काम झाले.

या मेळाव्याची निमंत्रणे मोहोळहून पाठवताना हीच यादीची जबाबदारी माझ्याकडे आली. एका मित्राचे पाकीट परत आले, कारण मी जुन्या हजेरीपटावरचाच पत्ता लिहिला होता. तो आज आपल्यात नाही, ही चूक माझी. तेव्हा अंकाच्या शेवटच्या यादीत प्रत्येकाने आपापली ओळ तपासावी, ही विनंती. आणि त्याचा ठावठिकाणा कोणाला ठाऊक असेल, तर मला जरूर कळवावे.