प्रलयाच्या नावेत कोण बसणार?

संकष्टीच्या रात्री गणपतीपुळ्याला उपास सोडायला थांबलेली माणसं डोंगराकडे डोळे लावून बसतात. चंद्र उगवायचा तो त्या बाजूनं. समजा, एखाद्या रात्री तो उगवला, पण सात तुकड्यांत! मग काय होईल?

नील स्टीफन्सन या अमेरिकन लेखकाची 'सेव्हनइव्ज' ही २०१५ सालची कादंबरी याच प्रश्नापासून सुरू होते. तुकडे एकमेकांवर आदळत राहणार आणि दोनएक वर्षांत त्यांच्या जळत्या वर्षावानं पृथ्वी भाजून निघणार, असं गणित निघतं. मग अंतराळस्थानकाभोवती लहान लहान यानं जमवून माणसाचं बी राखायची धडपड सुरू होते. ठिकठिकाणांहून मोजकी तरुण मुलंमुली निवडायची. बाकीच्यांनी खाली राहायचं. वर गेलेलेही भांडतात, फुटतात, मरतात. अखेर मूल होऊ शकेल अशा सात बायका उरतात, आणि पाच हजार वर्षांनंतरची अंतराळातली माणसं म्हणजे त्यांचीच लेकरं.

प्रलयाची गोष्ट आपल्याला नवी नाही. शतपथ ब्राह्मणात माशानं मनूला आगाऊ वर्दी दिली, नाव बांधायला लावली. पण त्या नावेत मनू एकटाच! निवडीची कटकट नव्हती.

मराठी वाचकाला अंतराळाची वाट दाखवली ती 'केरळ कोकिळ' मासिकानं. ज्यूल व्हर्नच्या कथेवरून 'चंद्रलोकाची सफर' त्यात १९०० च्या सुमारास आली. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कुणा नारायण विनायक जगताप यांच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरं उलटी केलेली, एवढंच.

त्यांची 'हिमप्रलय' ही कथा या संदर्भात मुद्दाम वाचावी. ज्वालामुखीची धूळ आकाशात पसरते, ऊन अडतं, मुंबईत बर्फ पडतो. वसंत चिटणीस या शास्त्रज्ञानं आधी दिलेला इशारा कुणी मनावर घेतलेला नसतो. पण इथं कुणी पृथ्वी सोडत नाही. अग्निबाण वापरतात ते वातावरणाला पुन्हा ऊब द्यायला. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो ना, तसंच हे! मला हीच रीत जवळची वाटते. घर सोडणं कोकणाला नवं नाही. मुंबईच्या बोटीनं पिढ्या गेल्या. पण मागे कोण राहिलं, तेही आपल्याला ठाऊक आहे.

वर्गात मी ही अमेरिकन गोष्ट सांगितली आणि विचारलं, "आपल्या गावातून दोघंच पाठवायची, तर कोण?" वर्ग गप्प. मग मच्छीमाराची एक मुलगी उठली. "सर, खाली राहिलेले सगळेच मेले का?"

नाही. काही खाणीत खोल उतरले, काही पाणबुड्यांतून समुद्राच्या तळाशी गेले, आणि त्यांचाही वंश पाच हजार वर्षं टिकला.

"मग आमचे बाबा तिकडेच जातील," असं म्हणून ती खाली बसली.