चंपारणांतील शाळा व स्वच्छतेचे स्वयंसेवक (इ. स. १९१७-१८)

(१) चंपारणचा लढा म्हटला म्हणजे नीळ, निळीचे गोरे मळेवाले, तीनकठिया पद्धति आणि मोतीहारीच्या न्यायालयांत महात्मा गांधींनीं १८ एप्रिल १९१७ रोजीं दिलेला जबाब, एवढ्याच गोष्टी सामान्यतः वाचकांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यापैकीं तीन कठ्ठ्यांत कुळानें नीळ लावलीच पाहिजे, असा जो निर्बंध तीनकठिया या नांवानें रूढ होता, तो चौकशी-समितीच्या अहवालानंतर १९१८ च्या कायद्यानें उठला. आणि तेथेंच इतिहासकारांची लेखणीहि बहुधा थांबते. परंतु याच लढ्याच्या पोटांत दुसरें एक कार्य चाललें होतें. खेड्यांतील मुलांसाठीं शाळा काढणें, त्यांस अक्षरांबरोबर अंग, वस्त्र व अंगण स्वच्छ ठेवण्यास शिकविणें, आणि हें सर्व वेतन न घेणाऱ्या स्वयंसेवकांकडून करविणें, असें त्याचें स्वरूप होतें. या कार्यांत महाराष्ट्रीयांचा वांटा मोठा होता. तो कसा होता व उपलब्ध साधनांवरून त्याविषयीं काय ठरतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम साधनांचा विचार करूं. गांधीजींची आत्मकथा हें या विषयाचें सर्वांत परिचित साधन. ती मूळ गुजरातींत असून ‘नवजीवन’ पत्रांतून १९२५ च्या अखेरीपासून १९२९ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. म्हणजे चंपारणच्या घटना व त्यांचें लेखन यांमध्यें सुमारें दहा वर्षांचें अंतर आहे. दुसरें साधन राजेंद्रप्रसाद यांचा चंपारणवरील ग्रंथ. ते त्या वेळीं गांधीजींच्या सहकाऱ्यांत प्रत्यक्ष होते. तिसरें साधन गांधीजींचा त्या काळचा पत्रव्यवहार. समकालीन कागद आधीं व स्मृतीवरून लिहिलेली हकीकत मागून, हा आपल्या संशोधकांचा नियम येथेंहि उपयोगी पडतो. त्याचें प्रत्यंतर पुढें येईलच.

(३) शाळांची आवश्यकता कां भासली? आत्मकथेंत त्या वेळच्या मजुरीचे आंकडे दिले आहेत. पुरुषाची रोजची मजुरी दहा पैशांवर जात नसे, बाईची सहा पैशांवर व मुलाची तीन पैशांवर. ज्यास रोज चार आणे मिळत, तो भाग्यवान समजला जाई. आण्याचे चार पैसे या हिशेबानें पुरुषाची मजुरी अडीच आणे होते. मुलें एक तर उनाड हिंडत किंवा निळीच्या शेतांत दिवसभर राबत. मूल शाळेंत धाडणें म्हणजे घरांत येणाऱ्या तीन पैशांवर पाणी सोडणें होय, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. अशा रयतेजवळ रोकड कोठून असणार? म्हणून गांधीजींनीं अट घातली ती एवढीच कीं, गांवानें शिक्षकांच्या राहण्याजेवणाची सोय करावी. इतर खर्च बाहेरून होईल. रयत धान्य व शिधा देण्यास तयार झाली.

(४) अडचण होती ती शिक्षकांची. केवळ पोटासाठीं पढविणाऱ्यांच्या हातीं मुलें सोंपवूं नयेत, शिक्षकास विद्या थोडी असली तरी चालेल, पण शील पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यांनीं स्वयंसेवकांसाठीं जाहीर विनंती केली. बेळगांव तेव्हां मुंबई इलाख्यांत होतें. तेथील गंगाधरराव देशपांडे यांनीं सोमण व पुंडलीक यांस पाठविलें. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले व त्यांचे यजमान बबनराव गोखले हे आले. पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजानें डॉ. हरि श्रीकृष्ण देव यांस सहा महिन्यांकरितां दिलें. गांधीजींच्या आश्रमांतून छोटालाल, सुरेंद्र व देवदास हे आले. महादेव देसाई व नरहरि परीख हे आपआपल्या पत्नींसह येऊन मिळाले; आणि कस्तुरबाहि आल्या. म्हणजे बाहेरून आलेली ही मंडळी मुख्यत्वेंकरून दोनच प्रांतांची होती, गुजरात व महाराष्ट्र. पहिली शाळा नोव्हेंबर १९१७ मध्यें मोतीहारीच्या पूर्वेस ढाक्याजवळ (हें ढाका बंगालमधील नव्हे) बडहरवा लखनसेन येथें निघाली. ती गोखले दांपत्याकडे होती. दुसरी त्याच महिन्यांत नेपाळच्या तराईलगत भितिहरवा येथें निघाली. तेथील मंदिराच्या महंतानें जागा दिली व सोमण आणि कस्तुरबा यांनीं काम पाहिलें. तिसरी जानेवारी १९१८ मध्यें मधुबन येथें निघाली.

(५) शिकवावयाचें काय? नोव्हेंबर १९१७ मध्यें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यास लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनीं योजना सांगितली आहे. बारा वर्षांखालील मुलें घ्यावयाचीं. हिंदी किंवा उर्दू चांगलें शिकवून त्याच भाषेंतून गणित, थोडा इतिहास, भूगोल व सोपें विज्ञान सांगावयाचें आणि कांहीं हस्तोद्योग शिकवावयाचा. पण आलेल्या स्त्रियांपैकीं दुर्गाबाई देसाई व मणिबाई परीख यांस गुजरातीच येत होतें, व कस्तुरबांस तेंहि पुरतें येत नव्हतें. त्यांना हिंदी वर्ग कसा झेपावा? गांधीजींनीं त्यांची समजूत घातली कीं, तुम्हांकडून व्याकरणाची अपेक्षा नाहीं. मुलांस स्वच्छता व रीतभात शिकवा, आणि अक्षरांचें म्हणाल तर या भाषांच्या अक्षरांत मोठें अंतर नाहीं. यास्कानें निरुक्तांत आचार्य शब्दाच्या ज्या व्युत्पत्ति दिल्या आहेत, त्यांत आचार ग्रहण करविणारा तो आचार्य, ही पहिली आहे. गांधीजींनीं त्या स्त्रियांस सांगितलेला अर्थ त्याहून निराळा नाहीं. परिणाम असा झाला कीं, या स्त्रियांचे वर्ग सर्वांत यशस्वी ठरले, आणि परिचर्येचें शिक्षण घेतलेल्या अवंतिकाबाईंची शाळा तर इतरांस नमुना झाली. शक्य तेथें एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी प्रत्येक शाळेवर नेमण्यांत आली. कारण खेड्यांतील घराच्या आंतल्या अंगणापर्यंत स्त्रीच पोंचूं शके.

(६) शाळेबरोबर औषधाचें कामहि याच मंडळींकडे असे. औषधें तीनच ठेविलीं होतीं: एरंडेल, कोयनेल व गंधकाचें मलम. जिभेवर थर असला किंवा पोट साफ नसलें तर एरंडेल; ताप असल्यास आधीं एरंडेल देऊन मग कोयनेल; खरूज किंवा गळवें झालीं असल्यास तो भाग नीट धुऊन वर मलम. औषध घरीं नेऊं देत नसत. रोग गुंतागुंतीचा वाटल्यास डॉ. देव यांस विचारावयाचें. ते ठरलेल्या वारीं प्रत्येक ठिकाणीं जात. वैद्यकाचें शिक्षण नसलेल्या शिक्षकाच्या हातून अपाय होऊं नये, एवढा विचार या आटोपशीर व्यवस्थेंत स्पष्ट दिसतो. निळवाल्यांविरुद्धच्या तक्रारींत किंवा राजकारणांत शिक्षकांनीं पडूं नये, अशीहि सक्त ताकीद होती.

स्वच्छतेचें काम मात्र याहून कठीण होतें. गल्ल्यांत घाण, विहिरींभोंवतीं चिखल व दुर्गंधि, आणि शेतांत राबणारा मजूरहि आपल्या दारचा केर काढण्यास तयार नाहीं, अशी स्थिति होती. डॉ. देव यांनीं व्याख्यानें देत न बसतां स्वयंसेवकांसह एकेक गांव हातीं घेतला. रस्ते व अंगणें झाडलीं, विहिरी उपसल्या, डबकीं बुजविलीं, आणि गांवकऱ्यांतूनच मदतनीस उभे करण्याची खटपट केली. कोठें लोक लाजून कामास लागले. कोठें तर गांधीजींची मोटार यावी म्हणून त्यांनीं आपण होऊन रस्ता तयार केला. आणि कोठें हें काम आपणांस आवडत नाहीं असें तोंडावर सांगितलें. यशाबरोबर अपयशहि नमूद झालें आहे, म्हणून ही हकीकत अधिक विश्वसनीय वाटते.

(७) या प्रकरणांतील सर्वांत महत्त्वाचा पुरावा एका अनाम स्त्रीचा आहे. मळकीं लुगडीं नेसलेल्या बायकांस तीं धूत कां नाहीं, असें विचारण्यास गांधीजींनीं कस्तुरबांस सांगितलें. त्यांतील एकीनें कस्तुरबांस आपल्या झोंपडींत नेलें व दाखविलें कीं, घरांत पेटी नाहीं, कपाट नाहीं, आणि अंगावर आहे एवढेंच लुगडें. तें धुवावें कसें? ही गोष्ट भितिहरव्याची म्हणून सर्वत्र सांगितली जाते. आत्मकथा बारकाईनें वाचल्यास ती भितिहरव्याजवळच्या दुसऱ्या, त्याहून लहान खेड्यांतील आहे असें दिसेल. स्थळाचा हा भेद लहान असला तरी नोंदविणें अवश्य आहे. गोष्टीचें मर्म मात्र त्यानें बदलत नाहीं. पातंजल योगशास्त्रांत पांच नियमांपैकीं पहिला नियम शौच सांगितला आहे. पण शौचासहि दुसरें वस्त्र लागतें. अस्वच्छतेचें कारण नेहमीं अज्ञानच असतें, हा शिकलेल्या वर्गाचा समज त्या झोंपडींत खोटा ठरला. स्वच्छता शिकविणाऱ्यांस मजुरीचा प्रश्न कां सोडवावा लागतो, याचें उत्तर वर दिलेल्या सहा पैशांच्या आंकड्यांत आहे. शाळेचें काम व निळीचा लढा हीं दोन कामें वरवर निराळीं दिसतात, तीं तेथें एक होतात.

(८) भितिहरव्याची शाळा प्रथम बांबू व गवत यांची झोंपडी होती. ती कोणीं तरी जाळली. आसपासच्या मळेवाल्यांच्या माणसांचें हें कृत्य असावें, असा गांधीजींचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. सोमणांनीं पुन्हां झोंपडी न बांधतां पक्की इमारत उभारण्याचें ठरविलें. ते स्वतः राबूं लागलेले पाहून इतर अनेकजण हातभार लावण्यास आले, व विटांची इमारत उभी राहिली. बेळगांवच्या एका सुशिक्षित गृहस्थानें तराईच्या कडेला विटा वाहिल्या, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासांत नमूद व्हावयास हवी.

(९) शाळा किती निघाल्या, याविषयीं साधनांत भेद दिसतो. आत्मकथेंत सहा गांवीं शाळा काढण्याचें ठरविल्याचा उल्लेख आहे. राजेंद्रप्रसाद यांच्या वृत्तांतांत वरील तीनच शाळांची हकीकत येते. या दोहोंत विरोध मानण्याचें कारण नाहीं: सहा हा संकल्प, तीन ही सिद्धि. तिन्ही शाळांचेंहि हें स्वरूप फार काळ टिकलें नाहीं. स्वयंसेवक मुदतीचे होते, बाहेरून आणखी मिळेनात, बिहारांत कायम विनावेतन काम करणारे मिळाले नाहींत, आणि १९१८ च्या आरंभीं अहमदाबादचा गिरणीसंप व खेड्याचा सारा-लढा यांनीं गांधीजींस तिकडे ओढून नेलें. तरी काम वायां गेलें असें म्हणतां येत नाहीं. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथें भरलेल्या शिक्षण-परिषदेंत जी बुनियादी शिक्षणाची योजना पुढें आली, तींतील मातृभाषा, हस्तोद्योग व आरोग्य हीं अंगें १९१७ च्या या शाळांत बीजरूपानें आढळतात. आणि पुढें चंपारण जिल्ह्यांतच बुनियादी शाळा निघाल्या. अवंतिकाबाईंनीं परत आल्यावर १९१८ सालीं मराठींत गांधीजींचें चरित्र प्रसिद्ध केलें, त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. आणि त्याच वर्षीं मुंबईस हिंद महिला समाज स्थापिला.

(१०) शेवटीं संग्राहकांस एक विनंती. चंपारणच्या रयतेची बाजू गांधीजींपुढें मांडणारे राजकुमार शुक्ल यांची १९१७ सालची रोजनिशी कैथी लिपींत आहे. आपल्याकडे जसें मोडीचें, तसें बिहारांत दफ्तरांत कैथीचें चलन होतें. ती रोजनिशी जपली गेली म्हणून अलीकडे नागरींत उतरून प्रसिद्ध होऊं शकली. आपल्या स्वयंसेवकांचे कागदहि असेच जपण्यासारखे आहेत: घरीं धाडलेलीं पत्रें, औषधाचे हिशेब, हजेरीच्या वह्या. त्यांवर शिक्का नसतो, मोडीहि नसते, म्हणून अडगळ काढतांना ते आधीं रद्दींत जातात. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागदावरील पेशवाई दफ्तर अद्याप उलगडतें; गिरणीच्या लगद्याचा, आम्लानें पिवळा पडलेला १९१७ चा कागद मात्र हातांत घेतांच तुटतो. म्हणजे नवा कागदच आधीं नष्ट होणार आहे. बेळगांव, पुणें व मुंबई येथील ज्या घराण्यांचा या कार्याशीं संबंध आला, त्यांच्या पेट्या उघडल्या जाण्यापूर्वीं संशोधकांनीं तेथें पोंचावें, आणि जें मिळेल त्याची नक्कल आधीं करून घ्यावी.