सात शपथा आणि एक मागे घेतलेला अर्ज

१. १२ जून १९०५. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयानजीकच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी देशसेवेच्या सात शपथा घेतल्या आणि त्यानंतर त्याच शपथा आणखी तिघांना दिल्या : नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, अर्थात भारत सेवक समाज, ही संस्था अशी अवघ्या चार सदस्यांनिशी उभी राहिली.

२. गोखले तेव्हा ३९ वर्षांचे होते. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणे देशभर वाचली जात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते बनारस काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांनी मनात आणले असते, तर सदस्यांच्या यादीत शेकडो नावे सहज जमली असती. त्यांनी नेमका उलटा मार्ग धरला. संस्थेत येणाऱ्याला काय सोडावे लागेल, हे आधी सांगायचे आणि मगच त्याला विचार करू द्यायचा, अशी ती रीत होती.

३. या रीतीमागची पार्श्वभूमी पुण्यातच सापडते. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे द्यायची, असा संकेत होता. गोखले १८८६ साली तिचे आजीव सदस्य झाले. मात्र, त्यागाचा नेमका अर्थ काय, यावर सदस्यांत लवकरच मतभेद झाले.

४. सदस्याने बाहेरची कामे घ्यावीत का? बाहेरून मिळकत करावी का? सारा वेळ संस्थेचाच का? गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा हा वाद विकोपाला गेला. टिळकांनी १८९०च्या अखेरीस सविस्तर पत्र लिहून संस्थेचा राजीनामा दिला. टिळक आणि आगरकर यांच्यातील दुरावा त्याआधीच वाढला होता. एकाच ध्येयाने एकत्र आलेली माणसे प्रवेशाच्या अटी नीट न ठरल्यामुळे कशी दुरावतात, हे गोखल्यांनी आतून पाहिले होते.

५. १९०५च्या सात शपथा या अनुभवाच्या प्रकाशात वाचाव्यात. देशाचा विचार सर्वप्रथम. सेवेतून वैयक्तिक लाभाची अपेक्षा नाही. जात आणि धर्म यांचा भेद न मानता सर्व भारतीयांना बंधू मानणे. संस्था स्वतःच्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देईल त्यात समाधान मानणे आणि स्वतःसाठी अर्थार्जन न करणे. शुद्ध खासगी आयुष्य. कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे. आणि संस्थेच्या उद्दिष्टांशी अखंड निष्ठा.

६. यातील चौथी आणि सहावी शपथ विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मिळकत आणि भांडण, नेमक्या याच दोन गोष्टींनी आधीची पिढी विभागली होती. नव्या माणसाने आत आल्यावर त्यांचा शोध लावण्यापेक्षा उंबरठ्यावरच त्या जाणून घ्याव्यात, अशी ही रचना होती.

७. शपथ घेतली की लगेच कार्यकर्ता झाला, असेही नव्हते. पाच वर्षांचे प्रशिक्षण ठरलेले होते. त्यातील तीन वर्षे संस्थेच्या वास्तूत राहून अभ्यास करायचा आणि दोन वर्षे देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रवास करायचा. देशासाठी बोलू इच्छिणाऱ्याने आधी देश पाहावा, हा गोखल्यांचा आग्रह होता. हा मुद्दा पुढे एका प्रसिद्ध उमेदवाराच्या बाबतीत पुन्हा येतो.

८. राजकीय भूमिकाही झाकलेली नव्हती. ब्रिटिश संबंध भारताच्या हिताचा आहे, असे मानून सनदशीर मार्गाने राष्ट्रहित साधायचे, हे संस्थेच्या निवेदनातच लिहिले होते. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीचे वारे देशभर वाहू लागले. अशा काळात हे वाक्य अनेक तरुणांना रुचणारे नव्हते. ते गाळले असते, तर भरती वाढली असती. पण मग आलेल्या माणसांची दिशाभूल झाली असती.

९. तरीही माणसे आली. मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी संस्थेचे निवेदन वाचून गोखल्यांशी संपर्क साधला आणि १९०७ साली मुख्याध्यापकपद सोडून ते सदस्य झाले. १९०९ साली ना. म. जोशी आणि हृदयनाथ कुंझरू आले. १९१४ साली मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून अमृतलाल ठक्कर, म्हणजे पुढचे ठक्करबाप्पा, वयाच्या ४४व्या वर्षी दाखल झाले.

१०. यांतील अनेकांची घरे होती, जबाबदाऱ्या होत्या, स्थिर उत्पन्न होते. अशा माणसाला भावनेच्या भरात ओढून आणणे सोपे असते. तो दोन वर्षांनी खचला, तर नुकसान त्याचे, त्याच्या कुटुंबाचे आणि संस्थेचेही होते. म्हणून ज्याला साऱ्या शपथा पेलणार नाहीत, त्याला सहकारी या नात्याने संस्थेशी जोडून राहता येईल, अशी सोयही नियमांत होती. नकार देणाऱ्याला अपराधी वाटू नये, इतकी जागा तिथे होती.

११. या पद्धतीची खरी कसोटी १९१५ साली लागली. ९ जानेवारीला मोहनदास करमचंद गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईस उतरले. गोखल्यांना ते गुरुस्थानी मानत. १९१२ साली गोखले दक्षिण आफ्रिकेत जाऊन त्यांचे काम प्रत्यक्ष पाहून आले होते. गांधींनी संस्थेत यावे, ही गोखल्यांची उत्कट इच्छा होती आणि गांधींचीही तयारी होती.

१२. सदस्यांना मात्र संकोच वाटत होता. ‘हिंद स्वराज्य’ लिहिणाऱ्या आणि सत्याग्रहाचा प्रयोग करून आलेल्या माणसाची कार्यपद्धती सनदशीर मार्गाच्या संस्थेशी जुळेल का? त्यांची शंका निराधार नव्हती. आपल्या अधिकाराने हा प्रश्न निकालात काढणे प्रथम सदस्य असलेल्या गोखल्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तसे केले नाही.

१३. पुण्याच्या भेटीत त्यांनी गांधींना जे सांगितले, ते गांधींनी आत्मकथेत नोंदवले आहे. त्याचा आशय असा : सदस्य तुम्हाला स्वीकारतील अशी आशा आहे. त्यांनी स्वीकारले नाही, तरी त्यांच्या मनात तुमच्याविषयी आदर वा प्रेम कमी आहे असे समजू नका. औपचारिक प्रवेश होवो वा न होवो, मी तुम्हाला सदस्यच मानणार. गुजरातेत आश्रम काढण्याचा गांधींचा विचार ऐकून त्याचा खर्च देण्याची तयारीही त्यांनी दाखवली.

१४. शिवाय गोखल्यांनी गांधींना एक वर्ष देशभर फिरावे आणि त्या काळात सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये, असे सुचवले होते. गांधींनी ते मान्य केले. संस्थेच्या प्रशिक्षणातील प्रवासाशी हे ताडून पाहावे. औपचारिक प्रवेशापूर्वीच गोखल्यांनी गांधींना संस्थेची शिस्त लावली होती.

१५. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. गांधी शांतिनिकेतनातून पुण्यास आले. त्यांच्या प्रवेशावर सदस्यांत दीर्घ चर्चा झाली. काही अनुकूल, काही तीव्र प्रतिकूल. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. बहुमताने प्रवेश मिळवणे हे गोखल्यांवरील निष्ठेशी सुसंगत ठरेल का, हा प्रश्न गांधींना अस्वस्थ करीत होता. अखेर त्यांनी शास्त्रींना पत्र लिहून अर्ज मागे घेतला आणि तहकूब बैठक भरवूच नये, अशी विनंती केली.

१६. विरोध करणाऱ्या सदस्यांना या निर्णयाचे मोल कळले. आपल्या आणि त्यांच्या स्नेहाचा धागा त्यामुळे घट्ट झाला आणि अर्ज मागे घेतल्यानेच आपण खऱ्या अर्थाने सदस्य झालो, असे गांधींनी पुढे लिहिले. मे महिन्यात अहमदाबादेजवळ कोचरब येथे त्यांचा आश्रम सुरू झाला.

१७. या सावधपणाची किंमत संस्थेने मोजली. ती कायम छोटी राहिली, आणि देशातील सर्वांत मोठी लोकचळवळ तिच्या भिंतींबाहेर उभी राहिली. शास्त्री असहकाराच्या मार्गाला उघडपणे विरोध करीत राहिले. ही संधी हुकली, असे म्हणणाऱ्याला पुष्कळ पुरावा देता येईल.

१८. पण दुसरी बाजूही नोंदवावी लागते. मतभेद राहिले, तरी १८९० सारखी कटुता आली नाही. शास्त्री आणि गांधी अखेरपर्यंत मित्र राहिले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभारणाऱ्यांत ना. म. जोशी होते. आणि १९३२ साली गांधींच्या प्रेरणेने हरिजन सेवक संघ निघाला, तेव्हा त्याचे सरचिटणीस झाले ठक्करबाप्पा, भारत सेवक समाजाचे सदस्य. ज्या संस्थेत गांधींना जागा झाली नाही, तिथलाच एक माणूस त्यांच्या सर्वांत जिव्हाळ्याच्या कामाची धुरा वाहत होता.