रूपांतराचा दर

संगणकावरील मजकूर, चित्र किंवा ध्वनी ज्या ठरावीक मांडणीने साठवला जातो तिला फॉरमॅट म्हणतात, आणि एका फॉरमॅटमधील फाइल दुसऱ्यात नेण्याचे काम वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे शेजारीशेजारी नांदू लागल्यापासून चालत आले आहे. या कामाचा मोबदला कोणी आणि कोणत्या मापाने द्यायचा, ही व्यवस्था मात्र वारंवार बदलत गेली. सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने स्वतः पार पाडणारा प्रोग्राम, म्हणजे एआय एजंट, हाच गिऱ्हाईक झाल्यावर पुढे आलेली ‘जेवढे रूपांतर तेवढे पैसे’ ही पद्धत त्या बदलांतील सर्वांत अलीकडची होय.

रूपांतराची गरज बव्हंशी उत्पादकांच्या आपापसांतील बेबनावातून निर्माण झाली. अक्षरांना क्रमांक देणारी ‘आस्की’ ही ७ बिटांची अमेरिकन प्रमाण-संहिता १९६३ साली ठरली, आणि पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली ती ‘एब्सिडिक’ या स्वतःच्या ८ बिटांच्या संहितेसह. रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर आस्कीत ६५ क्रमांकाचे, तर एब्सिडिकमध्ये १९३ क्रमांकाचे. शिवाय छिद्रे पाडलेल्या कार्डांचा वारसा असल्यामुळे एब्सिडिकमधील वर्णमालेत मध्येच क्रमांक सुटलेले होते, त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून किंवा वजा करून काम भागत नसे, अक्षरागणिक कोष्टक लावावे लागे. युनिक्समधील ‘डीडी’ या आज्ञेत या दोन संहितांमधील रूपांतराची सोय आजही आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे यंत्र नव्हते अशा संस्था आपले काम सेवा-केंद्रांकडे सोपवत. १९५६ च्या मक्तेदारीविरोधी तडजोडीनंतर आयबीएमनेही हा व्यवसाय सर्व्हिस ब्यूरो कॉर्पोरेशन या उपकंपनीकडे दिला होता. कार्डांवरील माहिती चुंबकीय फितीवर उतरवणे हा अशा कामाचाच एक भाग असे आणि आकारणीचे मुख्य माप यंत्राचा वेळ हे असे.

वैयक्तिक संगणक आल्यावर हे माप गळून पडले आणि किमतीचा आधार गुप्ततेकडे सरकला. फॉरमॅटची अंतर्गत रचना कंपनीखेरीज कोणाला ठाऊक नसेल, तर रूपांतर करणाऱ्याला ती उलगडत बसावे लागते, आणि त्या खटाटोपाचे पैसे पडतात. मायक्रोसॉफ्टने ‘डॉक’ फाइलींच्या जुन्या रचनेचे तपशील २००८ मध्ये सर्वांसाठी खुले केले; अडोबीचा पीडीएफ त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक झाला. दुसरीकडे, ध्वनी-चित्रफितींसाठी फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेले एफएफएमपेग आणि मजकुरासाठी तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ साली सुरू केलेले पॅनडॉक ही साधने फुकट उपलब्ध होती. फुकट असली तरी ती आज्ञा टंकून चालवावी लागत. म्हणून ब्राउझरमधून फाइल चढवून घेणाऱ्या झमझारसारख्या सेवांना जागा मिळाली, ज्या थोडे काम विनामूल्य करीत आणि अधिकासाठी मासिक वर्गणी घेत.

मराठी मुद्रणव्यवसायाला रूपांतराची किंमत फार जवळून माहीत आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, आणि प्रत्येक प्रणालीची वाटणी निराळी असे. युनिकोडमध्ये, ज्याची देवनागरी मांडणी ‘इस्की’ या भारतीय संहितेवर बेतलेली आहे, अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. जुन्या फॉन्टांत ती नजरेला दिसतील त्या क्रमाने साठवलेली असत. त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीची उचलून नंतर ठेवावी लागते आणि रफार नंतरचा उचलून अक्षरापूर्वी ‘र्’ म्हणून आणावा लागतो. जोडाक्षरावर रफार आणि वेलांटी एकत्र आली की कोष्टक अपुरे पडते. संहिता बदलणारा प्रोग्राम क्षणात काम उरकतो, पण पुढे मुद्रितशोधकाला बसावेच लागते, आणि खरा खर्च तिथे होतो.

लहान कामाचे लहान पैसे घेण्याची कल्पना वेबच्या जन्मापासून आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत उत्तराचे सांकेतिक क्रमांक ठरलेले आहेत; न सापडलेल्या पानाचा ४०४ सर्वांच्या ओळखीचा आहे, तर ४०२ चा अर्थ ‘पैसे भरणे आवश्यक’ असा आहे. जानेवारी १९९७ च्या नियमपत्रात हा क्रमांक भविष्यातील वापरासाठी राखीव म्हणून नोंदवला गेला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही तो राखीवच राहिला. पंचवीस वर्षे रिकामी राहिलेली अशी जागा तंत्रज्ञानाच्या इतिहासात विरळाच. कारण सरळ होते: कार्डाच्या प्रत्येक व्यवहारावर टक्केवारीखेरीज काही सेंटांचे ठोक शुल्क पडे, त्यामुळे एका सेंटाची वसुली तोट्यात जाई, डेव्हिड चॉम यांची डिजीकॅश ही अंकीय नाण्यांची कंपनीही १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली.

एजंटांमुळे ही अडचण नव्या रूपात उभी राहिली. भाषा-प्रारूपांना सुटसुटीत मजकूर लागतो, आणि पीडीएफमध्ये पुष्कळदा कोणते अक्षर पानावर कुठे छापायचे एवढीच नोंद असते, परिच्छेद किंवा तक्ता कुठे सुरू होतो याची नसते. म्हणून अशा फाइली जॉन ग्रूबर यांच्या २००४ सालच्या मार्कडाउन या साध्या खुणांच्या फॉरमॅटमध्ये आणण्याची गरज वाढली. एजंट खाते उघडून, अर्ज भरून वर्गणी घेण्यासाठी बनलेला नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने प्रसिद्ध केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमुळे त्याला बाहेरची साधने वापरण्याची सामाईक रीत मिळाली आणि मे २०२५ मध्ये कॉइनबेसने एक्स-४०२ जाहीर करून तो राखीव क्रमांक कामाला लावला. एजंटाने मागणी केली की सर्व्हर ४०२ या क्रमांकासह किंमत व पैसे घेणाऱ्याचा पत्ता कळवतो. एजंट डॉलरशी मूल्य बांधलेल्या अंकीय चलनात, म्हणजे स्टेबलकॉइनमध्ये, देण्याची स्वाक्षरीयुक्त हमी जोडून तीच मागणी पुन्हा करतो. रूपांतराचे प्रोग्राम बहुतांशी फुकटच असल्याने येथे विकले जाते ते त्यांचे चालवणे: यंत्राचा वेळ, स्मृती आणि परक्या फाइलीपासून सुरक्षितता. सेवा-केंद्रांच्या जुन्या मापाशी या आकारणीचे नाते वर्गणीपेक्षा अधिक जवळचे आहे.

फरक तपासणीत आहे. एक्स-४०२ मध्ये पैसे पोचल्याची पडताळणी होते, रूपांतर बरोबर उतरल्याची होत नाही. रफार भलत्याच अक्षरावर बसलेले मराठी पानही एजंटाकडे २०० या यशाच्या क्रमांकासहच परत येते, आणि मुद्रितशोधकाचा खर्च त्या दरात कुठेही धरलेला नसतो.